इम्ब्रोसची घळ

४ मे, रविवार

आज अवधूतला शेवटचं सांगून टाकलं. गॅलरीत उभी राहून, आवाज शक्य तितका खाली ठेवून. "मी अथेन्सला येणार नाही. लग्नाचा विषयही आता नको. आईंना इथे एकटं टाकून मी जाऊ शकत नाही, आणि त्या तिकडे येऊन रमणं शक्य नाही. संपलं."

तो शांतपणे म्हणाला, "संपलं तर संपलं. तू दर रविवारी संपवतेस, म्हणून जरा खात्री करून घेतली."

कसबा पेठेतल्या माणसाशी भांडायचं म्हणजे असं. ऑफिसात सहा वर्षं शेजारच्या टेबलावर बसायचा. वडिलांच्या आजारपणात लग्न राहून गेलं, ते गेल्यावर कंपनीने त्याला अथेन्सला पाठवलं. तिथून गेल्या वर्षी त्याने विचारलं आणि तेव्हापासून मी नाही म्हणते आहे.

तेजसला जाऊन चार वर्षं झाली. सकाळी डबा घेऊन गेला, दुपारी दवाखान्यातून फोन आला. मेंदूत रक्तस्राव. त्यानंतर कारंज्याचं घर बंद करून आई बिबवेवाडीला माझ्याकडे आल्या. नात्याने सासू, पण आता आई माझ्याच. पुण्यात त्या कोपऱ्यावरच्या भाजीवालीच्या पुढे एकट्या जात नाहीत. बँक मी, औषधं मी, फोनचा रिचार्ज मी. मला यायला उशीर झाला तर शेजारच्या नम्रताला बोलावून बसवून ठेवतात. अशा बाईला कोणत्या तोंडाने सांगायचं?

आत आले तर आई शेंगा सोलत होत्या. मालिका संपली असावी, टीव्ही बंद होता. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "काय बाप्पा, ऊन लागलं का? डोये लाल झाले तुहे."

हो म्हटलं. नशीब, काही ऐकलेलं नाही.

७ मे

आईंनी सकाळी विचारलं, "स्वारगेटले कोनती बस जाते?" मला वाटलं कोणी येणार आहे. संध्याकाळी घरी आले तर दाराला कुलूप! फोन घरातच वाजत होता. मी वेड्यासारखी सोसायटीभर फिरले. अंधार पडायच्या सुमाराला आल्या, घामाने निथळत. चुकीच्या बसमध्ये बसून पार लोणी काळभोरला पोचल्या होत्या म्हणे.

मी रागावले. "काय काम होतं स्वारगेटला?"

"काही नाई. बस पाह्यली."

जेवल्या नाहीत नीट. उद्यापासून असलं काही करणार नाहीत, हे एक बरं झालं.

११ मे

पुन्हा गेल्या! आणि आल्यासुद्धा, भर दुपारी. मला फोन केला, "स्वारगेटवरून बोलून रायली. फोन संगं हाय."

२९ मे

काय चाललंय कळत नाही. आई एटीएममधून पैसे काढायला शिकल्या. सिलेंडर स्वतः नोंदवला. आज औषधं आणायला निघाले तर म्हणाल्या, "कालच आनली मी."

अस्मिताबाई, खरं सांग, तुला आनंद झाला का? नाही झाला. चार वर्षं कुरकुरत केलेली कामं कुणी हातातून काढून घेतली की इतकं रिकामं वाटतं हे ठाऊक नव्हतं. माझं काही चुकलं म्हणून तर हे अंतर ठेवत नसतील? विचारायचं धाडस झालं नाही.

२१ जून

अवधूतने आज एक फोटो पाठवला. विषय संपलेला असल्यामुळे सोबत एक शब्द नाही. क्रीट नावाच्या बेटावरची घळ. दोन्ही बाजूंना चुनखडीचे उंच पांढुरके कडे, आणि मधून एक माणूस जेमतेम जाईल एवढी वाट. आपल्याकडे सगळा काळा पाषाण, त्यामुळे ते पांढरे कडे मला आधी खोटेच वाटले. फोन डायनिंग टेबलावर ठेवून मी आंघोळीला गेले. परत आले तर आई चष्मा लावून बघत होत्या.

"हे कुठं हाय?"

"ग्रीसमध्ये. समुद्रातलं बेट आहे."

"कोन पाठवलं?"

"ऑफिसमधले एक जण. अवधूत म्हणून आहेत. तिकडे असतात."

आईंनी फोटो बोटांनी मोठा केला. पुन्हा लहान केला. मग म्हणाल्या, "तुह्या सुट्ट्या पडून हायेत ना? त्यायले म्हना, आम्ही दोघी येतो."

मी हसले. त्या हसल्या नाहीत. "माह्या पासपोर्टचं मी पाहतो," म्हणाल्या.

कारंज्याला पंढरपूरसुद्धा लांब म्हणणारी ही बाई. म्हातारपणी एखादं खूळ डोक्यात शिरतं म्हणतात, ते हेच असावं. पण मला मोह झाला, हे इथे लिहून ठेवते. एकदा भेटून समोरासमोर नाही म्हणता येईल. आईंना काही कळू द्यायचं नाही, एवढंच सांभाळायला हवं.

९ ऑगस्ट

आई रोज पहाटे एकट्या तळजाईच्या टेकडीवर जातात. बूट आणले. पंजाबी ड्रेस शिवून घेतला. पहिल्यांदा घालून बाहेर आल्या तेव्हा ओढणीचं काय करायचं ते कळेना. "कारंज्याले फोटो नको पाठवू," म्हणाल्या. छान दिसत होत्या. चालून चालून चेहरा तकतकीत झालाय.

मधे दोन दिवस मला कामासाठी हैदराबादला जावं लागलं. नम्रताला सोबतीला झोपायला सांगते म्हटलं तर ठाम नाही म्हणाल्या. परत आले तर डोळे तांबारलेले.

"झोप नाही लागली ना?"

"भल्ली लागली."

आणि घरातले सगळे दिवे चालू, भर सकाळी. घळीच्या वाटेवर अंधार असेल म्हणून धीट होण्याचा सराव चाललाय की काय! मनाला लावून घेतात प्रत्येक गोष्ट.

५ ऑक्टोबर, हानिया, क्रीट

पोचलो. विमानतळावर अवधूत आला होता. वर्षभराने बघत होते. केस पिकलेत. मी अगदी ऑफिसातल्यासारखं "नमस्कार, कसे आहात?" म्हटलं. त्याच्या भुवया वर गेल्या, पण बिचारा "बराय आपल्या कृपेने" एवढंच म्हणाला.

आईंचं मात्र त्याच्याशी जमेल असं दिसत नाही. गाडीत बसल्यापासून उलटतपासणी सुरू.

"स्वयंपाक कोन करते?"

"मीच करतो काकू."

"काय येते?"

"आमटी-भात उत्तम. पोळ्यांना अजून आकार यायचाय."

"ताप आला तं कोन पाह्यते?"

"शेजारी एक आजीबाई आहेत. त्या सूप देतात, आणि माझी भाषा ऐकून हसतात."

"राग येते का तुम्हाले?"

"येतो. पण उशिरा येतो. तोवर समोरचा निघून गेलेला असतो."

आई खिडकीबाहेर बघू लागल्या. मला इतका संकोच झाला! परक्या माणसाला असं कुणी विचारतं? हॉटेलात त्यांना हळूच म्हटलं, "आई, ते आपले यजमान आहेत." तर म्हणाल्या, "म्हनूनच विचारून रायली."

८ ऑक्टोबर

पाय उशीवर ठेवून लिहिते आहे. काल काय काय झालं ते नीट लिहायला हवं.

इथे समारिया नावाची मोठी घळ आहे, पण ती फार लांब, म्हणून अवधूतने आमच्यासाठी इम्ब्रोसची निवडली. गाडी वरच्या गावात ठेवायची, घळीतून खाली उतरत जायचं, आणि जिथे ती उघडते तिथे कोमितादेस नावाचं गाव आहे. सकाळी निघालो तेव्हा आभाळ स्वच्छ होतं. सुरूची झाडं, कुठेतरी घंटा वाजवणाऱ्या शेळ्या, आणि पायाखाली चुरडला की ओव्यासारखा वास येणारा कसलासा झुडपी पाला. सुरुवातीला वाट मोकळी होती. कोरड्या ओढ्याचं पात्रच ते, गोट्यांनी भरलेलं. मग हळूहळू कडे जवळ यायला लागले.

मी खूप फोटो बघितले होते, पण त्या कड्यांचं खरं रूप त्यांत आलेलं नाही. दगड पांढरा म्हणावा तर राखी, राखी म्हणावा तर कुठे गुलाबी, कुठे गंजासारखा. थरावर थर, आणि ते थर सरळ नाहीत, घडी घालताना मधेच सोडून दिलेल्या लुगड्यासारखे वळलेले. कड्याच्या फटीतून अंजिराचं झाड उगवलेलं, माती कुठेच दिसत नाही. वर पाहिलं तर आभाळाची निळी पट्टी. कुणी बोलायचं थांबलं की इतकी शांतता, की आपला श्वास दुसऱ्याचा वाटावा.

आई पुढे चालत होत्या. गोट्यांवर पाय कसा टाकायचा ते त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. अवधूतने एका अवघड उतारावर हात पुढे केला, तर तो त्यांनी बाजूला सारला. "माह्याकडं नका पाहू. तिच्याकडं पाहा." मला वाटलं, चिडल्या.

सर्वांत अरुंद जागी पोचलो तेव्हा आई मधोमध थांबल्या आणि त्यांनी दोन्ही हात पसरले. एक तळवा या कड्याला, दुसरा त्या कड्याला. डोक्यावर प्रचंड उंच भिंती, आणि मधे ही पाच फुटांची बाई, ओढणी कमरेला बांधलेली. डोळे मिटून उभ्या राहिल्या. किती वेळ कोण जाणे. मागून दोन परदेशी मुली आल्या, त्याही थांबल्या. आईंनी हात खाली घेतले आणि म्हणाल्या, "थंडगार हाय. अन् घट्ट." त्यांचे डोळे भरले होते. अशी जागा बघून कुणाचेही भरतील.

एका मोठ्या झाडाखाली आम्ही दशम्या आणि जवसाची चटणी खाल्ली. आईंनी अवधूतला तिसरी दशमी न विचारता वाढली. तोवर आभाळाची पट्टी काळी पडत चालल्याचं आमच्या कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

त्यानंतर मी पडले. हजारो पावलांनी घासून गुळगुळीत झालेला एक दगड, त्यावरून पाय सटकला आणि घोटा आत मुडपला. आवाज मला ऐकू आला. उठायला गेले तर डोळ्यांपुढे अंधारी. बूट काढेपर्यंत घोटा टम्म. फोनला रेंज नाही. मागून आलेलं एक जर्मन जोडपं थांबलं, त्यांनी आभाळाकडे बोट दाखवलं आणि अवधूतला घाईघाईने बजावलं. पाऊस आला तर या पात्रात थांबू नका, वरच्या डोंगरांवरचं सगळं पाणी इथूनच जातं. त्या बाईचे गुडघे दुखत असल्याने ते हळूच चालणार होते, पण खाली कुणी भेटलं तर सांगतो म्हणून ते निघाले.

अवधूतचा चेहरा पांढराफटक झाला होता. इतक्या वर्षांत त्याला असं मी पाहिलं नव्हतं. तो म्हणाला, "काकू, तुम्ही हिच्यापाशी थांबा. मी पळत जाऊन कुणाला तरी आणतो."

आई म्हणाल्या, "तू गेला अन् पानी आलं, तं हिले उचलंन कोन? मी?"

निघायला वळलेला तो परत माझ्याजवळ येऊन बसला.

"तू हिच्यापाशी राह्य. जमंन तसं घेऊन खाली ये. मानूस मी आनतो."

"काकू, तुम्हाला इथली भाषा—"

"वाट तं एकच हाय ना? चुकाले जागाच नाही."

पाण्याची बाटली आमच्याकडे ठेवली, ओढणीची गाठ घट्ट केली आणि निघाल्या. मी "आई!" म्हणून ओरडले. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. त्या पांढऱ्या भिंतींमधून त्यांची पाठ लहान लहान होत गेली आणि वळणाआड नाहीशी झाली. मला त्यांच्यासाठी इतकी भीती वाटली, आणि इतका अभिमान वाटला, की घोट्याची कळ काही वेळ विसरले.

अवधूतने मला आधार दिला. लंगडत, बसत, कधी त्याच्या पाठीवर, असं आम्ही निघालो. तो धापा टाकत होता. एकदा आम्ही दोघेही बदकन खाली बसलो. "घाबरलायस?" मी विचारलं.

"भयंकर," तो म्हणाला. "पण तुझ्या सासूबाईंनी ठेव सोपवल्यासारखं सोपवलंय. आता पर्याय काय?" मग थोडं थांबून, "सकाळपासून मला विचारतायत, बायकोशी भांडण झालं तर किती दिवस अबोला धराल? तिच्या पहिल्या नवऱ्याचा फोटो घरात लावलेला चालेल का? मी म्हटलं, चालेल. अस्मिता, त्यांना माहीत आहे का गं?"

"शक्यच नाही," मी म्हटलं. "त्या सगळ्यांनाच असं विचारतात."

पहिले थेंब पडले. ठिपक्या-ठिपक्यांनी कडे काळे होऊ लागले. गोट्यांमधून पाण्याची एक बारीक धार आमच्या पायांपर्यंत आली, मग दुसरी. अवधूतने मला पाठीवर घेतलं आणि चालू लागला. त्याच्या मानेवर पावसाचं पाणी की घाम, कळत नव्हतं. आणि तेवढ्यात पुढून, दोन्ही भिंतींवर आपटत आपटत आवाज आला, "अस्मिताऽऽ!"

वळणावर आई. त्यांच्यामागे पांढऱ्या मिशांचा एक म्हातारा आणि त्याचं खेचर. आई नखशिखांत भिजल्या होत्या आणि खेचराचा लगाम त्यांच्याच हातात होता.

मला खेचरावर बसवलं. कोमितादेसच्या पहिल्या खानावळीत पोचलो तेव्हा मागे घळीत पाण्याचा आवाज घुमायला लागला होता. खानावळीतल्या बाईंनी टॉवेल दिले, बर्फ दिला. मी आईंना विचारलं, "त्या आजोबांना सांगितलंत तरी कसं?"

"त्यायले मराठी येत नोती, मले त्यायची येत नोती. पाय तं दोघायलेही हायेत ना? मी माहा धरून बोंबलली."

अवधूत एका टेम्पोवाल्याबरोबर वरून गाडी आणायला गेला. आई माझा पाय मांडीवर घेऊन बर्फ फिरवत होत्या. खाली बसूनच, वर न बघता म्हणाल्या, "पोरगा चांगला हाय. घाबरते, पन पयत नाही."

मी पाय मागे घेऊ लागले, तर त्यांनी तो घट्ट धरून ठेवला.

"तेजससारखा नाही. कायले असावं? कधी करता मंग लग्न?"

मला वाटलं, मी पडताना डोकं आपटलं असावं. नंतर जी रडले ती अवधूत येईपर्यंत. आईही रडल्या, पण बर्फ फिरवायचं थांबवलं नाही.

सकाळपासून एकच विचार करते आहे. एका दुपारी, त्या घळीत, अवधूतला माझ्यासाठी धडपडताना पाहून या बाईने केवढा निर्णय घेतला! दुसऱ्या कुणाला वर्षं लागली असती. मन किती मोठं आणि किती चपळ!

२३ ऑक्टोबर

दिवाळी झाली. घोटा बरा आहे. आईंनी अवधूतला स्वतः फोन करून तारीख विचारली. डिसेंबरात, नोंदणी पद्धतीने. तो सुट्टी घेऊन येतोय. आता त्याला त्या "अरे पोट्ट्या" म्हणतात आणि तो निमूट ऐकून घेतो.

पण माझा पाय निघत नाही. लग्नानंतर अथेन्स. आई म्हणतात, "मी इथंच राहतो. उन्हाळ्यात येईन तिकडं, पापड घेऊन." मी म्हटलं, "एकट्या?" तर नुसतं हसल्या. उत्साहाच्या भरात हो म्हणून बसल्या आहेत. मी गेल्यावर या रिकाम्या घरात त्यांचं काय होईल, याचा त्यांनी विचार तरी केलाय का? मला नाही वाटत. मनातून ठरवलंय, नोव्हेंबरपर्यंत काही सोय झाली नाही तर लग्न पुढे ढकलायचं. अवधूतला अजून सांगितलेलं नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज सकाळी दार वाजलं. एक मुलगी दोन बॅगा घेऊन उभी. राजनंदिनी. इथल्या एका दवाखान्यात नर्स आहे, कारंज्याची. "सुशीलाबाई काकू आहेत का? मी खोली बघायला आले. थोडं सामानही आणलंय."

मला वाटलं, पत्ता चुकली. पण आई आतून लगबगीने आल्या, तिला पाणी दिलं आणि माझ्या खोलीकडे घेऊन गेल्या. "ही. खिडकी पूर्वेले हाय. ही डिसेंबरात जाईन, मंग तू ये." मला म्हणाल्या, "रात्रपाळीवरून आली की सकायचा चहा दोघी संगं घेऊ. कोनी तं पाह्यजे बोलाले."

आई भाजी बघायला आत गेल्यावर मी राजनंदिनीला विचारलं, "तुला हे कधी सांगितलं त्यांनी?"

"मेमध्ये," ती सहज म्हणाली. "मी तेव्हाच येणार होते. पण काकू म्हणाल्या, दिवाळीपर्यंत होस्टेलमध्ये काढ. तोवर माझ्या सुनेचं जमवतो. ती हो म्हणाली की खोली तुझी."

मी खुर्चीत बसले. त्या रविवारी गॅलरीतून आत आले तेव्हा बंद असलेला टीव्ही. लोणी काळभोरहून घामाने निथळत आलेल्या आई. सगळे दिवे लावून काढलेल्या त्या दोन रात्री. तो हात पसरून उभा राहिलेला देह. एकामागून एक डोळ्यांपुढे येत राहिलं.

स्वयंपाकघरात गेले. आई मेथी निवडत होत्या.

"आई, मे महिन्यात?"

त्यांनी वर पाहिलं. पकडल्यासारखा चेहरा झाला, पण एकच क्षण.

"मग मला का नाही सांगितलंत? इतके दिवस एकटीने..."

"तू आयकली असती?"

मी मान हलवली. नसतं ऐकलं.

"मंग!" आई म्हणाल्या. "अन् चांगली पोरगी काय ऐन टायमाले भेटते? आधीपासून पाहून ठेवा लागते." असं म्हणून त्यांनी मेथीची अर्धी जुडी माझ्यापुढे सरकवली.